ट्यूब ॲम्प्लिफायर घ्यायचाय? चंद्रपूर-गडचिरोलीकरांनी आधी हे वाचा

काचेच्या नळ्या, आत केशरी उजेड आणि शेजारी फिरणारी रेकॉर्ड, असा ॲम्प्लिफायर तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्कीच पाहिला असेल. हाच तो ट्यूब ॲम्प्लिफायर. दिसायला भारी, ऐकायला गोड, आणि आता ऑनलाइन सहज मिळतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चंद्रपूरला तुकूममध्ये राहून पुण्यातल्या टीमसोबत काम करतो. माझ्याकडे ईएल८४ ट्यूबचा एक छोटा ॲम्प आहे आणि तो जवळपास रोज चालतो. तो बघून मित्र आणि नातेवाईक विचारतात, "आम्ही कोणता घेऊ?" मी त्यांना आधी उलटा प्रश्न विचारतो: बिघडला तर उघडणार कोण?

चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. भामरागडहून गडचिरोली गाठायलाच त्याहून जास्त, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. दहा किलोचा ॲम्प एसटीत मांडीवर घेऊन कोणी कितीदा जाणार? म्हणून आपल्या दोन जिल्ह्यांत ट्यूब ॲम्प निवडताना "सांभाळायला सोपा" हा पहिला निकष आणि आवाज दुसरा. या लेखात आपण नेमका कोणता प्रकार घ्यायचा, का घ्यायचा आणि घरच्या घरी काय सांभाळायचं ते बघू.

ट्यूब म्हणजे नेमकं काय?

आजोबांच्या पिढीत "व्हॉल्व्हचा रेडिओ" म्हणायचे ना, तोच हा व्हॉल्व्ह. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत हीटर असतो, तो कॅथोडला तापवतो. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पॉझिटिव्ह व्होल्टेज दिलेल्या ॲनोडकडे (याला प्लेटही म्हणतात) धावतात. वाटेत तारेची एक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात.

धानाच्या बांधीत पाणी सोडताना आपण तोंडाशी थोडीशी माती इकडेतिकडे करतो आणि पाण्याचा मोठा लोट कमी-जास्त होतो. ग्रिड तेच काम करते. फोनमधून आलेला छोटा सिग्नल ग्रिडवर पडतो आणि ॲनोडकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालावर कमी-जास्त होतो. झालं ॲम्प्लिफिकेशन!

ली डी फॉरेस्टने ग्रिड असलेली ट्यूब १९०६ मध्ये बनवली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बेलने, १९६०च्या दशकापासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. बेलच्या जुन्या ईएल८४ आणि ईसीसी८३ ट्यूब शौकीन लोक आजही शोधत असतात.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या:

- हीटरमुळे ॲम्प कायम गरम असतो, गाणं चालू असो वा नसो.
- आत २५० ते ४५० व्होल्टचा डीसी असतो. हा जीवघेणा आहे.
- ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. ॲम्पमधल्या महागड्या भागांपैकी हा एक.

आणि एक खरं सांगून टाकतो. मोजमापात आजचा साधा चिपवाला ॲम्पही अचूकतेत ट्यूबला मागे टाकतो. ट्यूब ॲम्प आवाजात स्वतःचं थोडं डिस्टॉर्शन मिसळतो आणि त्यातला बराच भाग कानाला गोड लागतो. हा आवडीचा मामला आहे. आवड असेल तरच पुढे वाचा.

आपल्याकडच्या चार परीक्षा

पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू बघून निर्णय घेऊ नका. आपल्याकडे ॲम्पला चार वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात.

१. ऊन. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. खोली ४० अंशांवर असेल, तर ॲम्पच्या पेटीच्या आत ६०-६५ अंश सहज होतात.

२. लाइट. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, पण मोठं केंद्र जवळ असलं म्हणून घरातलं व्होल्टेज स्थिर राहतंच असं नाही. लाइनच्या शेवटच्या खांबावर संध्याकाळी व्होल्टेज पडतं, पहाटे लोड कमी झाला की चढतं.

३. पाऊस आणि धूळ. गडचिरोलीत पावसाळा चांगला दमदार असतो. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूरकडे कोळशाची बारीक धूळ. जास्त व्होल्टेजच्या टोकांवर धूळ बसली आणि तिला ओल लागली, की तिथून करंट गळू शकतो.

४. अंतर. सुटे भाग आणि जाणकार, दोन्ही लांब.

पुढचा प्रत्येक सल्ला या चार गोष्टींसाठी आहे.

कोणता प्रकार घ्यावा?

बाजारात साधारण पाच प्रकार दिसतात.

*हायब्रिड ॲम्प.* पुढे एक-दोन छोट्या ट्यूब, मागे चिपचा ॲम्प. स्वस्त, थंड, देखभाल जवळपास शून्य. पण नीट बघून घ्या. काही स्वस्त डब्यांत ट्यूबच्या खाली केशरी एलईडी लावलेला असतो. बटण दाबताक्षणी ट्यूब पूर्ण उजळली तर तो उजेड एलईडीचा. खरा हीटर हळूहळू लाल होतो.

*सिंगल-एंडेड ईएल८४ किंवा ६व्ही६.* प्रत्येक बाजूला एकच पॉवर ट्यूब. ३ ते ५ वॅट मिळतात. भाग सर्वांत कमी, जोडी जुळवायची भानगड नाही. पण स्पीकर संवेदनशील हवेत.

*पुश-पुल ईएल८४.* प्रत्येक बाजूला दोन पॉवर ट्यूब, साधारण १० ते १२ वॅट. घरातल्या खोलीला भरपूर.

*पुश-पुल ईएल३४ किंवा केटी८८.* ३० ते ५० वॅट. उष्णता जास्त, व्होल्टेज जास्त, वजन जास्त. एका ईएल३४चा नुसता हीटरच साडेनऊ वॅट खातो. ईएल८४चा पाचच्या आत.

*३००बी, २११, ८४५ वगैरे.* ३००बी महाग. २११ आणि ८४५ ला तर हजार व्होल्टच्या आसपास लागतात. आपल्या भागात यांच्या नादी लागू नका.

माझी शिफारस सरळ आहे: कॅथोड बायस असलेला पुश-पुल ईएल८४ स्टिरिओ ॲम्प. स्पीकर चांगले संवेदनशील असतील आणि खोली लहान असेल, तर सिंगल-एंडेड ईएल८४ सुद्धा चालेल.

ईएल८४च का? कारण ही ट्यूब आजही नवी बनते. स्लोव्हाकियातली जेजे इलेक्ट्रॉनिक बनवते, रशिया आणि चीनमध्येही बनते. अमेरिकन नाव ६बीक्यू५, जवळची रशियन ट्यूब ६पी१४पी. तिच्यासोबत लागणारी छोटी ट्यूब ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७ ही गिटार ॲम्पमध्ये जगभर वापरतात, त्यामुळे तिचाही तुटवडा नाही. नोकरी बघताना आपण मागणी असलेली प्रोग्रामिंग लँग्वेज शिकतो ना, तसंच आहे. पुढची वीस वर्षं मिळेल अशीच ट्यूब निवडा.

बायस: हा एक शब्द समजला की अर्धं काम झालं

गाणं चालू नसतानाही पॉवर ट्यूबमधून थोडा करंट वाहत असतो. तो किती असावा हे ठरवणं म्हणजे बायस. बाइकचं आयडलिंग समजा. फार कमी ठेवलं तर गाडी अडखळते, फार वाढवलं तर इंजिन तापतं.

फिक्स्ड बायसमध्ये हे आयडलिंग हाताने सेट करावं लागतं. ट्यूब बदलली की मल्टिमीटर लावून पुन्हा सेटिंग. नाव "फिक्स्ड" असलं तरी काम आपल्यालाच करायचं! चुकलं तर ट्यूब तापून लाल होते.

कॅथोड बायसमध्ये (सेल्फ बायस किंवा ऑटो बायस असंही लिहिलेलं असतं) कॅथोडखाली एक रेझिस्टर असतो. करंट वाढला की त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढतं, त्यामुळे कॅथोडच्या मानाने ग्रिड आणखी निगेटिव्ह होते आणि करंट परत खाली येतो. ट्यूब स्वतःला सावरून घेते. थोडे वॅट कमी मिळतात, पण ट्यूब बदलायची म्हणजे जुनी काढा, नवी लावा, गाणं सुरू करा. आलापल्लीत किंवा अहेरीत बसून हेच परवडतं.

तंत्रज्ञासाठी एक उदाहरण देतो. ईएल८४च्या कॅथोडला २७० ओहमचा रेझिस्टर असेल आणि त्यावर १० व्होल्ट मिळाले, तर करंट साधारण ३७ मिलिअँपिअर. ट्यूबवर ३०० व्होल्ट असतील तर ११ वॅट झाले. ईएल८४ची मर्यादा १२ वॅट. म्हणजे ठीक आहे. एवढं गणित कुठल्याही टीव्ही मेकॅनिकला जमतं.

२२० व्होल्टचं लेबल आणि आपली लाइट

हा मुद्दा रिव्ह्यूमध्ये क्वचितच सापडतो, पण आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. ईएल८४च्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. दहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९. हीटरचं व्होल्टेज थेट मेन्सच्या प्रमाणात बदलतं.

आता बरेच चिनी ॲम्प २२० व्होल्टसाठी बनलेले असतात. पहाटे तुमच्याकडे २४५ आले तर हीटरला मिळणार ७ व्होल्ट. मर्यादेच्या बाहेर! आतलं ३०० व्होल्टचंही त्याच प्रमाणात ३३४ होतं. उलट, ट्रान्सफॉर्मर २३०चा असेल आणि संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत पडलं, तर हीटरला ५.२ च. कॅथोड अर्धवट तापतो आणि हेही ट्यूबच्या तब्येतीला वाईट.

म्हणून काय करायचं?

- पॉवर ट्रान्सफॉर्मर २३० किंवा २४० व्होल्टचा घ्या. २२०-२३०-२४० असे टॅप असतील तर उत्तम.
- ११० व्होल्टचा अमेरिकन किंवा जपानी माल "स्वस्तात मिळतोय" म्हणून घेऊ नका.
- घेण्याआधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ सॉकेटचं व्होल्टेज मोजून फोनमध्ये लिहून ठेवा.
- चढ-उतार मोठा असेल तर स्टॅबिलायझर लावा. १०० वॅटच्या ॲम्पला ५०० व्हीएचा पुरेसा होतो.
- इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्ह हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि जास्त तापतो.
- लाइट गेली की ॲम्पचं बटण बंद करा. आल्यावर चार-पाच मिनिटं थांबून मग सुरू करा.

विजेच्या बिलाची काळजी नको. चार ईएल८४चा ॲम्प साधारण १०० वॅट घेतो. रोज तीन तास म्हणजे महिन्याला ९ युनिट.

उन्हाळा आणि कपॅसिटर

ट्यूब मुळातच गरम राहायला बनलेली असते, उन्हाने तिचं फार बिघडत नाही. बिचारे सुकतात ते इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्यांचा साधा नियम असा: तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट, वाढलं की निम्मं.

समजा पेटीत ६५ अंश आहेत. ८५ अंश आणि २,००० तास असं लिहिलेला कपॅसिटर तिथे साधारण ८,००० तास टिकेल. १०५ अंश आणि २,००० तास लिहिलेला ३२,००० तास. रोज तीन तास म्हणजे वर्षाला सुमारे १,१०० तास. पहिला सात वर्षांत संपेल, दुसऱ्याची काळजी तुम्हाला बराच काळ करावी लागणार नाही. किमतीत फरक किरकोळ असतो. विक्रेत्याला स्पष्ट विचारा, "कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का?"

ॲम्प बंद कपाटात ठेवू नका. वर आणि बाजूला वीतभर जागा मोकळी सोडा. आणि आपल्या विदर्भाची खास सूचना: ॲम्प कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. कूलरची हवा ओली असते, कधी तुषारही येतात. पॉवर ट्यूबची काच १५० अंशांच्या वर तापलेली असू शकते. त्यावर गार पाणी पडलं तर काच तडकते. तसंही मे महिन्यात कूलरच्या घरघरीत ट्यूबचा गोडवा काय ऐकू येणार? हिवाळ्यातल्या रात्री खऱ्या मजेच्या.

आतली बांधणी कशी असावी?

विक्रेत्याकडे ॲम्पच्या खालच्या बाजूचा, झाकण काढलेला फोटो मागा. फोटो द्यायला कां-कू केली तर पुढे जा. फोटोत हे बघा:

- ट्यूबचे सॉकेट धातूच्या चासीवर बसवलेले आहेत का? थेट सर्किट बोर्डवर सोल्डर केलेले असतील तर उष्णतेने बोर्ड काळा पडतो आणि ट्यूब काढता-घालताना सोल्डर सुटतं.
- भाग टॅगस्ट्रिपवर किंवा जाड बोर्डवर मोकळे लावलेत का? मोठे रेझिस्टर-कपॅसिटर कोणीही बदलू शकतं. बारीक एसएमडी भागांना वेगळी हत्यारं लागतात.
- रेक्टिफायर डायोडचा आहे की ट्यूबचा? ट्यूब रेक्टिफायर हळू सुरू होतो, ते चांगलंच, पण झिजणारा आणखी एक भाग वाढतो. बऱ्याच ॲम्पमध्ये १एन४००७ सारखा साधा डायोड चालतो आणि तो तालुक्याच्या दुकानातही मिळतो.
- रिमोट, डिस्प्ले, मायक्रोकंट्रोलर आहे का? ते जेवढं कमी तेवढं बरं. तो बोर्ड गेला की दुसरा कुठून आणणार?

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सर्किट डायग्राम मिळतो का? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना डॉक्युमेंटेशन नसलेला कोड दिला तर डोकं फिरतं. मेकॅनिकचंही तसंच. इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीने १९५०च्या दशकात "५-१०" नावाचं ईएल८४चं सर्किट प्रसिद्ध केलं. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट. ते सगळ्यांना खुलं असल्यामुळे आजही त्यावरून ॲम्प बनतात आणि दुरुस्त होतात. अमेरिकेच्या डायनाको कंपनीचा १९५९ सालचा एसटी-७० ईएल३४चा आहे, पण तोही याच कारणाने आजवर चालतोय. ज्याचं सर्किट कागदावर आहे, तो ॲम्प मरत नाही.

स्पीकर आणि फोन

स्पीकरच्या माहितीत सेन्सिटिव्हिटी बघा. ९० डीबी म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ९० डीबी आवाज. दर ३ डीबीला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे ८७ डीबीच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी २ वॅट, ८४ ला ४ वॅट. १० वॅटच्या ॲम्पसाठी ८८ ते ९० डीबीचे, ८ ओहमचे स्पीकर घ्या. १२ बाय १२च्या खोलीत रोजच्या ऐकण्यात सरासरी एक वॅटही लागत नाही.

फोन जोडायला यूएसबी-सी डोंगल आणि ३.५ एमएम ते आरसीए वायर पुरते. फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्पवरच करा. वायरीचं झंझट नको असेल तर आरसीए आउटपुट असलेला वेगळा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. ॲम्पच्या आत बसवलेला ब्लूटूथ टाळा. ब्लूटूथ पाच वर्षांत जुना होईल, ॲम्प तीस वर्षं चालेल. जे लवकर म्हातारं होतं ते बाहेर असलेलं बरं.

एक नियम कधीच मोडू नका: स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प सुरू करायचा नाही. बिनलोडचा सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तो नव्याने वाइंड करून आणणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही.

सुरक्षितता: इथे मस्करी नाही

- ॲम्पला तीन पिनचा प्लग हवा आणि घराला खरं अर्थिंग हवं. अनेक जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर आधी त्यावर खर्च करा, ॲम्प नंतर.
- मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तो मेन्सच्या गळतीपासून वाचवतो, पण पेटीच्या आतल्या डीसीपासून नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर झाकण उघडू नका.
- प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवू शकतात. काम शिकलेल्या माणसानेच, मीटरने मोजून, व्होल्टेज उतरल्याची खात्री करून हात घालावा.
- ट्यूबवर जाळीचं झाकण ठेवा. लहान मुलं, मांजर, पाली आणि पावसाळ्यात दिव्यावर झेपावणारी पाखरं, सगळ्यांसाठी ते कामाचं.
- ढग गडगडायला लागले की प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.
- फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा लावा. तार गुंडाळायची नाही.

घरच्या घरी दोष कसा ओळखायचा?

पॉवर ट्यूब साधारण २,००० ते ५,००० तास चालतात, छोट्या ट्यूब त्याहून बऱ्याच जास्त. बिघाड झाला तर घाबरू नका. डीबगिंगसारखं एकेक शक्यता बाद करत जा.

- एका बाजूचा आवाज गेला किंवा खरखर येतेय: ॲम्प बंद करा, ट्यूब गार होऊ द्या, डाव्या-उजव्या बाजूच्या सारख्या ट्यूबची अदलाबदल करा. दोष बाजू बदलून गेला तर ट्यूब खराब. तिथेच राहिला तर बिघाड ॲम्पमध्ये, स्पीकरमध्ये किंवा वायरमध्ये.
- ट्यूबच्या आतला चंदेरी थर पांढरा झाला: आत हवा शिरली. ट्यूब गेली.
- आतली राखाडी प्लेट लाल होतेय: ताबडतोब बंद करा. मेकॅनिक बघेपर्यंत सुरू करू नका.
- काचेवर निळसर झाक: बहुतेक वेळा घाबरायचं कारण नाही.
- ट्यूबला पेन्सिलने हलकेच टिचकी मारली की स्पीकरमध्ये टण्ण वाजतं: ट्यूब मायक्रोफोनिक झालीय. छोटी असेल तर बदला.
- घुम्म असा आवाज: फोनची किंवा आरसीए वायर काढून बघा. आवाज गेला तर दोष बाहेर. राहिला तर फिल्टर कपॅसिटरवर पहिला संशय घ्या.

पावसाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा तासभर ॲम्प चालवा. आतली ओल त्याच्याच उष्णतेने सुकते. वर्षातून एकदा, ॲम्प पूर्ण गार असताना, कोरड्या ब्रशने वरची धूळ काढा. ट्यूबच्या काचेवरचं छापील नाव पुसू नका, नंतर ओळखता येत नाही!

सोबत एक डबी ठेवा: दोन ईएल८४ची जुळवलेली जोडी, एक ईसीसी८३, चार फ्यूज. बजेट ठरवताना या डबीचे पैसे त्यातच धरा. रेझिस्टर, कपॅसिटर, फ्यूज नागपूरच्या सीताबर्डीत मिळतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली आहेच. ट्यूब मात्र बहुतेक ऑनलाइनच मागवाव्या लागतात.

जुना रेडिओ किंवा जुना ॲम्प मिळाला तर?

घरच्या माळ्यावर मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा व्हॉल्व्ह रेडिओ असेल तर उत्साहात थेट प्लग लावू नका. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कपॅसिटर गळके झालेले असतात. शिवाय काही जुन्या एसी/डीसी रेडिओंची धातूची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. हात लागला तर झटका. जाणकाराकडून आधी सिरीज बल्बवर तपासून घ्या. मालिकेत लावलेला पिवळा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

हे जाणकार सापडतात कुठे? झाडीपट्टीत. दिवाळीनंतर आपल्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि देसाईगंज-वडसा म्हणजे त्याचं मुख्य ठाणं. रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांना माइक आणि भोंगे लागतात. त्यामुळे जुन्या साउंड-सर्व्हिसवाल्यांत व्हॉल्व्हच्या मशीनवर हात बसलेली माणसं अजून भेटतात. वडशाच्या अशाच एका काकांना मी विचारलं, आजकालच्या मशीनपेक्षा व्हॉल्व्हचं मशीन अवघड नाही का? ते म्हणाले, "अवघड काहून राहील? व्हॉल्व्ह जळला तं डोळ्यानं दिसते. चिप जळली तं काही दिसत नाही." कॅथोड बायसचा साधा ॲम्प अशा माणसाच्या हाती निर्धास्त देता येतो. पण ही पिढी आता साठी-सत्तरीत आहे. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर ॲम्प बिघडायची वाट बघू नका. आत्ताच जाऊन बसा, सोल्डरिंग आणि मीटर धरायला शिका.

कोणी घेऊ नये?

घराला अर्थिंग नसेल, भाड्याच्या खोलीत ते करून घेता येत नसेल, किंवा लहान मुलाचा हात पोहोचेल अशीच जागा असेल, तर ट्यूब ॲम्प सध्या नको. छोटा क्लास-डी ॲम्प घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरवर घाला. संगीत त्यावरही छान वाजतं.

विक्रेत्याला विचारायचे आठ प्रश्न

१. पॉवर ट्यूब कोणती? ईएल८४ आहे का?
२. बायस कॅथोड आहे की फिक्स्ड?
३. ट्रान्सफॉर्मर २२०चा की २३०-२४०चा?
४. कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का?
५. सॉकेट चासीवर की बोर्डवर?
६. सर्किट डायग्राम देणार का?
७. बंद केल्यावर कपॅसिटर उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर आहे का?
८. दोन वर्षांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मर सुटा मिळेल का?

हे आठ प्रश्न स्क्रीनशॉट काढून ठेवा. सहाव्याचं उत्तर "नाही" असेल तर बाकी सात विचारूच नका. आणि डायग्राम मिळाला, की त्याची प्रिंट काढून ॲम्पच्या खोक्यात ठेवा. फोन दर तीन वर्षांनी बदलतो, त्यातली फाइल हरवते. तो कागद मात्र पुढच्या मेकॅनिकच्या हाती पडायला हवा.